हरवलेली रक्कम शोधून देणारी बँकेची यंत्रणा: काउंटरपासून लोकपालापर्यंत, पुण्याच्या खातेदारासाठी परीक्षण

बँकेत पैसे हरवले असे आपण म्हणतो तेव्हा ते बहुतेक वेळा बँकेच्याच हिशेबात कुठेतरी पडलेले असतात. तुमच्या खात्यात रक्कम नावे पडली असेल, तर ती दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात जमा झालेली असणारच. ते खाते दुसऱ्या खातेदाराचे असेल, यूपीआय किंवा आयएमपीएस (मोबाइल किंवा नेटबँकिंगने तत्काळ पैसे पाठवण्याची पद्धत) यांच्या सेटलमेंटचे, म्हणजे बँकांच्या आपसातल्या हिशेबाचे असेल, एटीएमच्या रोकडीचे असेल, नाहीतर शाखेचे सस्पेन्स किंवा सन्ड्री, म्हणजे न जुळलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायचे खाते असेल. तक्रारीचे काम एवढेच, की समोरच्या माणसाला त्या नेमक्या नोंदीपर्यंत नेणे. ‘माझे पैसे आले नाहीत’ या वाक्यावरून कोणालाच काही शोधता येत नाही. तारीख, रक्कम आणि संदर्भ क्रमांक हातात असला, तर तीच नोंद थोड्या वेळात सापडू शकते.

हे परीक्षण एखाद्या बँकेचे नाही. तक्रार ऐकून घेणारी जी साखळी आहे, म्हणजे शाखा, बँकेचे ॲप आणि फोन, नोडल अधिकारी (तक्रारींसाठी बँकेने नेमलेला वरचा अधिकारी), रिझर्व्ह बँकेचा लोकपाल (बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) आणि शेवटी ग्राहक आयोग, तिचे हे परीक्षण आहे. कुठली कडी कशासाठी उपयोगी पडते आणि कुठे वेळ वाया जातो, हे आधी कळले तर बरेच हेलपाटे वाचतात.

रक्कम कोणत्या वाटेने गेली?

सगळ्यात आधी हे ठरवायचे. मार्केट यार्डातल्या अडत्याने केलेली आरटीजीएस (मोठी रक्कम थेट खात्यात पाठवण्याची पद्धत), हिंजवडीच्या पगारदाराने स्कॅन केलेला क्यूआर, लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानदाराचा रोजचा रोख भरणा आणि सदाशिव पेठेतल्या पेन्शनरांनी ड्रॉप बॉक्समध्ये टाकलेला चेक, या चारही रकमा चार वेगळ्या विभागांत शोधाव्या लागतात.

यूपीआय आणि आयएमपीएसच्या व्यवहाराला १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो. ॲपवर तो ‘यूटीआर’ किंवा ‘यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी’ या नावाने दिसतो. त्याच पानावर ॲप कंपनीचा स्वतःचा, अक्षरे आणि आकडे मिसळलेला लांब क्रमांकही असतो. तो बँकेला उपयोगाचा नाही, आणि बऱ्याच तक्रारी तोच क्रमांक लिहिल्यामुळे अडकतात. एनईएफटी, म्हणजे खात्यातून खात्यात गटागटाने पैसे पाठवण्याची पद्धत, तिचा यूटीआर १६ अक्षरांचा असतो, आरटीजीएसचा २२ अक्षरांचा. एटीएमसाठी मशीनचा क्रमांक (तो पावतीवर छापलेला असतो, पुष्कळदा मशीनवरही लिहिलेला असतो), तारीख, मिनिटापर्यंत वेळ आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे पुरतात. पूर्ण कार्ड क्रमांक, पिन किंवा ओटीपी कुठल्याही तक्रारीत लागत नाही. चेकसाठी सहा आकडी चेक क्रमांक, तो कुठल्या बँकेच्या कुठल्या शाखेवर काढला आहे, रक्कम आणि भरल्याची तारीख लागते. रोख भरली असेल तर सही-शिक्क्याची काउंटरफॉइल आणि तिच्यावर लिहिलेला नोटांचा तपशील हाच खरा पुरावा. ५०० च्या किती, २०० च्या किती हा रकाना बरेच जण रिकामा सोडतात. तो भरलेला असेल तर वाद अर्ध्यावर येतो.

शाखा: रोख आणि चेकसाठी उत्तम, बाकीसाठी फक्त टपालपेटी

रोख रकमेची चूक असेल तर शाखेसारखी दुसरी जागा नाही, आणि तिथे वेळेला फार महत्त्व आहे. समजा, ५०,००० रुपये भरले आणि नोंद ५,००० ची झाली. मग त्या कॅशियरच्या पेटीत संध्याकाळी ४५,००० रुपये जास्त निघायला हवेत. शाखेचे दिवसाचे कामकाज बंद होण्याआधी चूक लक्षात आली, तर नोंद रद्द करून नवी करता येते. दिवस बंद झाल्यावर उलटी नोंद घालावी लागते, तिला वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि जास्त निघालेली रोकड तोवर सन्ड्रीसारख्या खात्यात गेलेली असते. म्हणून अर्जात ‘पैसे कमी जमा झाले’ एवढेच लिहू नये. ‘अमुक तारखेला अमुक काउंटरवर दिवसअखेरीस रोकड जास्त निघाली का, आणि निघाली असल्यास ती कोणत्या खात्यात जमा केली, हे तपासून लेखी कळवावे’ असे लिहावे. या वाक्यामुळे त्या दिवसाची रोकडवही उघडावीच लागते.

रक्कम दुसऱ्याच्या खात्यात गेली असेल तर आधी आपली स्लिप पाहावी. स्लिपवरचा खाते क्रमांक बरोबर असेल आणि टायपताना आकडा चुकला असेल, तर ती चूक बँकेची. त्या माणसाने पैसे काढून घेतले, हे उत्तर तुम्हाला देऊन चालत नाही. तुमची रक्कम बँकेने भरून द्यायची आणि त्याच्याकडून वसूल करायचे काम तिने स्वतः करायचे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकून आलेले पैसे परत करणे त्या माणसावर बंधनकारक आहेच. स्लिपवर किंवा ॲपमध्ये क्रमांक तुम्हीच चुकवला असेल, तर मात्र परिस्थिती बदलते. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर, नावावर नाही. तेव्हा समोरच्या खातेदाराच्या संमतीशिवाय बँक रक्कम काढून देत नाही, ती फक्त मध्यस्थी करते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०२५पासून या दोन्ही पद्धतींत पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव पडताळण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. मोठी रक्कम पाठवताना ती वापरलीच पाहिजे.

चेकच्या बाबतीत शाखा ठीक असते, पण ड्रॉप बॉक्सची सवय धोक्याची. बॉक्समध्ये चेक टाकला की तो बँकेला दिल्याचा तुमच्याकडे काहीच पुरावा उरत नाही. काउंटरवर चेक घेऊन स्लिपवर पोच द्यायला शाखेने नकार द्यायचा नाही, ही रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. ‘आता सगळे बॉक्समध्येच टाकायचे’ असे सांगितले, तर या सूचनेची शांतपणे आठवण करून द्यावी. चेक पाठवणुकीत किंवा क्लिअरिंगमध्ये गहाळ झाला, तर तुमचा चेक वसुलीसाठी घेणाऱ्या बँकेवर जबाबदारी येते. तिने तुम्हाला लगेच कळवायचे, म्हणजे तुम्ही चेक देणाऱ्याला पेमेंट थांबवायला सांगू शकाल. दुसरा चेक मिळवायचा खर्च आणि उशिराचे व्याजही तिने द्यायचे. हे सगळे बँकेच्या चेक वसुली धोरणात आणि नुकसानभरपाई धोरणात लिहिलेले असते. दोन्ही धोरणे बँकेच्या संकेतस्थळावर असतात. अर्जात धोरणाचे नाव आणि परिच्छेदाचा क्रमांक दिला की उत्तराचा सूर बदलतो. चेकची मुदत तारखेपासून तीन महिनेच असते, तेव्हा शोधाशोध लांबत असेल तर दुसरा चेक आधी मिळवावा आणि भांडण नंतर चालू ठेवावे.

यूपीआय आणि एटीएमच्या तक्रारीत मात्र शाखेकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. या व्यवहारांच्या नोंदी शाखेच्या संगणकावर पूर्ण दिसत नाहीत. शाखेतली माणसे तुमची तक्रार अंतर्गत यंत्रणेत नोंदवतात, आणि ते काम तुम्ही घरबसल्या ॲपवरूनही करू शकता. शाखेत जायचेच तर एका कामासाठी जावे, लेखी अर्जावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेण्यासाठी. ‘दोन दिवस वाट बघा, येतील’ हे तोंडी उत्तर पुढे कुठेही पुरावा म्हणून चालत नाही. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली, तर तोच अर्ज शाखेच्या ईमेलवर पाठवावा आणि एक प्रत स्पीड पोस्टने. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, पण पैसे पाठवण्याच्या यंत्रणा चालू असतात. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२०पासून चोवीस तास चालते. त्यामुळे ‘सुट्टी होती’ हे कारण या दोन्हींना लागू पडत नाही.

एटीएम आणि यूपीआय: दिवस मोजा

या व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी जे परिपत्रक काढले, ते या सगळ्या साखळीतले खातेदाराच्या बाजूचे सर्वांत धारदार साधन आहे. ते १५ ऑक्टोबर २०१९पासून लागू आहे. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून रक्कम गेली, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ती परत जमा व्हायला हवी. दुकानातल्या मशीनवर कार्ड चालले पण दुकानदाराला खात्री मिळाली नाही, तरी मुदत तीच. यूपीआयने दुकानदाराला दिलेल्या पैशांनाही ५ दिवस, पण एका माणसाकडून दुसऱ्याला पाठवलेल्या यूपीआय आणि आयएमपीएसला फक्त १ दिवस. मुदत उलटली की दर दिवसाला १०० रुपये भरपाई, मग अडकलेली रक्कम ५०० असो की २०,०००. दिवस कॅलेंडरचे मोजायचे, कामकाजाचे नाहीत. आणि ही भरपाई बँकेने आपणहून द्यायची आहे, खातेदाराने मागण्याची वाट पाहायची नाही.

उदाहरण घेऊ. १ मार्चला एटीएमवर १०,००० रुपये अडकले. मुदत ६ मार्चला संपली. पैसे आले २० मार्चला. उशीर १४ दिवसांचा, भरपाई १,४०० रुपये. प्रत्यक्षात मूळ रक्कम आली की खातेदार सुटकेचा श्वास टाकतात आणि भरपाईचे विसरून जातात. ती मागितलीच पाहिजे. चौदाशे रुपयांसाठी बँकेला दोन्ही तारखा लेखी मान्य कराव्या लागतात, आणि पुढे काही वाद झाला तर हाच कागद कामी येतो.

एनईएफटीचा हिशेब वेगळा आहे. दर अर्ध्या तासाला बॅच होते. बॅच पूर्ण झाल्यावर दोन तासांत रक्कम समोरच्या खात्यात जमा व्हायला हवी, नाहीतर तेवढ्याच वेळात ती परत पाठवायला हवी. उशीर झाला तर रेपो दरापेक्षा (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्यापेक्षा) २ टक्के जास्त दराने व्याज. एकूण दर ८ टक्के धरला तर १ लाखावर १० दिवसांचे सुमारे २१९ रुपये होतात. रक्कम लहान आहे, पण हेही मागावे.

एटीएमची तक्रार मशीन ज्या बँकेचे आहे तिच्याकडे करायची नसते, कार्ड ज्या बँकेचे आहे तिच्याकडे करायची. ही चूक फार होते. तुमच्या बँकेने दावा पाठवला की मशीनवाली बँक इलेक्ट्रॉनिक जर्नल तपासते. मशीनने कुठल्या क्षणी किती नोटा मोजल्या आणि बाहेर दिल्या, याची ती नोंद असते. जर्नलमध्ये व्यवहार यशस्वी दिसला की दावा फेटाळला जातो, आणि बरेच खातेदार इथेच थांबतात. थांबू नये. मशीनमध्ये रोकड भरताना केलेला ताळमेळ हा दुसरा पुरावा आहे. त्या फेरीत रोकड जास्त निघाली असेल, तर जर्नल काहीही म्हणो, नोटा आत राहिल्या होत्या. अर्जात तीन गोष्टी नाव घेऊन मागाव्यात: त्या व्यवहाराच्या जर्नलची प्रत, त्या फेरीचा रोकड ताळमेळ आणि सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची विनंती. चित्रण काही काळाने पुसले जाते, म्हणून ही विनंती पहिल्याच अर्जात हवी. कॅश डिपॉझिट मशीनमध्ये नोटा अडकल्या तरी हेच करायचे.

एटीएमचे स्विच, म्हणजे मशीनकडून आलेला व्यवहार मंजूर करून घेणारी संगणक यंत्रणा, आणि खात्यांची मूळ यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुण्याने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. ऑगस्ट २०१८मध्ये कॉसमॉस बँकेवर झालेल्या सायबर हल्ल्यात हल्लेखोरांनी खऱ्या स्विचच्या जागी आपली बनावट यंत्रणा उभी करून व्यवहार मंजूर केले आणि सुमारे ९४ कोटी रुपये नेले. खातेदारांच्या शिलकेला धक्का लागला नाही, कारण ते व्यवहार खात्यांच्या यंत्रणेपर्यंत पोचलेच नव्हते. नेहमीच्या अडकलेल्या व्यवहारात उलटे होते. खात्यात रक्कम नावे पडते, पण स्विचकडून किंवा मशीनकडून शेवटचे उत्तर येत नाही. दोन यंत्रणांच्या नोंदी जुळवल्याशिवाय रक्कम सुटत नाही, आणि शाखेतला माणूस ती सोडवू शकत नाही, त्याचे कारण हेच.

यूपीआयमध्ये ‘डीम्ड अप्रूव्ह्ड’ नावाचा एक प्रकार आहे. तुमच्या खात्यातून पैसे गेले, समोरच्या बँकेने वेळेत उत्तर दिले नाही, म्हणून व्यवहार तूर्त झाला असे धरले जाते. नंतर समोरच्या बँकेला सांगावे लागते की रक्कम जमा केली, नाहीतर ती परत पाठवावी लागते. अशा वेळी ‘पेंडिंग’ दिसत असताना पुन्हा पैसे पाठवू नयेत. दोन्ही व्यवहार पार पडले, तर जास्तीची रक्कम त्या माणसाच्या मर्जीवर राहते. ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवावी. ही सोय चांगली आहे, कारण तक्रार संदर्भ क्रमांकासह थेट योग्य जागी जाते. या सगळ्या साखळीत यूपीआयची ॲपमधली तक्रार हा भाग सर्वांत सुटसुटीत म्हणावा लागेल. फोनवरची सेवा मात्र सगळ्यांत कमकुवत, कारण बोललेले कागदावर येत नाही. फोन करायचाच असेल तर तक्रार क्रमांक घेऊन ठेवावा, आणि बँकेचा नंबर कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून घ्यावा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर अडकलेली रक्कम मिळायच्या ऐवजी उरलेलीही जाते.

व्यवहार तुम्ही केलाच नसेल, तर वरचे नियम बाजूला ठेवावेत. ती फसवणूक आहे. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा आणि त्याच दिवशी बँकेला कळवावे. २०१७ साली घालून दिलेल्या नियमानुसार, चूक ना बँकेची ना खातेदाराची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर खातेदारावर काहीच बोजा पडत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत कळवल्यास नेहमीच्या बचत खात्याच्या मालकाचा तोटा जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत मर्यादित राहतो. त्यानंतर बँकेच्या धोरणावर अवलंबून. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची असते, आणि चूक खातेदाराची होती हे सिद्ध करायचे ओझे बँकेवर असते.

अर्ज कसा लिहावा

एक पान पुरे. मराठीत चालतो. मजकूर साधारण असा:

‘माझ्या बचत खात्यातून (शेवटचे चार आकडे ____) दिनांक ____ रोजी ____ वाजता ____ रुपये नावे पडले. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक ____. रक्कम लाभार्थ्याला मिळालेली नाही आणि माझ्या खात्यात परतही आलेली नाही. मुदत दिनांक ____ रोजी संपली आहे. रक्कम मूळ तारखेपासून जमा धरून परत करावी, नियमानुसार रोजची भरपाई द्यावी आणि रक्कम सध्या कोणत्या खात्यात आहे ते लेखी कळवावे. व्यवहाराच्या सर्व नोंदी व चित्रण जपून ठेवावे. सोबत पासबुकाची प्रत व व्यवहाराचे स्क्रीनशॉट जोडले आहेत.’

राग, आरोप, कर्मचाऱ्याचे नाव, जुन्या तक्रारी यांना यात जागा नाही. दोन व्यवहार अडकले असतील तर दोन अर्ज द्यावेत. एकाच अर्जात घातले की त्यातला सोपा व्यवहार सोडवून पूर्ण तक्रार ‘निकाली’ दाखवली जाण्याचा धोका असतो.

उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे जायचे. नाव आणि ईमेल शाखेतल्या फलकावर आणि संकेतस्थळावर असते. इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. पुढे लोकपालाकडे जायचे ३० दिवस मोजले जातात ते बँकेला दिलेल्या पहिल्या लेखी तक्रारीपासून. नोडल अधिकाऱ्याकडे गेल्यावर ते नव्याने सुरू होत नाहीत. मोठ्या बँकांमध्ये अंतर्गत लोकपालही असतो, म्हणजे फेटाळायच्या तक्रारी पुन्हा तपासणारा बँकेनेच नेमलेला अधिकारी. बँक तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळणार असेल, तर तिने आधी ती त्याच्याकडे पाठवायची असते. तुम्ही स्वतः त्याच्याकडे जाऊ शकत नाही, पण नकाराच्या पत्रात त्याच्या तपासणीचा उल्लेख नसेल, तर तो मुद्दा लोकपालाच्या अर्जात जरूर घालावा.

लोकपाल: चांगला, पण अर्जाच्या चुकांना क्षमा नाही

रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाली. तिच्यासाठी पुण्यातून कुठे जावे लागत नाही. गणेशखिंड रस्त्यावर रिझर्व्ह बँकेचे कृषी बँकिंग महाविद्यालय आहे, पण ती प्रशिक्षण संस्था आहे, खातेदारांच्या तक्रारींचे ते ठिकाण नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर करायची, किंवा कागदावर लिहून चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्राकडे पाठवायची. कागदी तक्रार कोणत्याही भाषेत चालते. १४४४८ या मोफत क्रमांकावर मराठीतून माहिती मिळते. शुल्क काही नाही.

बऱ्याच तक्रारी गुणदोषांपर्यंत पोचण्याआधीच बंद होतात, आणि त्याची कारणे ठरलेली आहेत. बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली नसते. ३० दिवस पूर्ण झालेले नसतात. बँकेच्या उत्तरानंतरची मुदत (२०२१च्या योजनेत एक वर्ष) उलटून गेलेली असते. तीच बाब न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असते. किंवा वकिलाने तक्रार भरलेली असते, आणि ते योजनेत चालत नाही. पोर्टलवर बँकेला दिलेल्या तक्रारीची तारीख विचारतात, तिथे शिक्क्यावरची तारीखच लिहावी आणि शिक्क्याची प्रत जोडावी. शाखेत शिक्क्यासाठी धरलेला हट्ट इथे फळाला येतो.

तक्रार दाखल झाली की बँकेला कागदपत्रांसह उत्तर द्यायला १५ दिवस मिळतात. दिले नाही तर लोकपाल एकतर्फी निवाडा करू शकतो, आणि अशा निवाड्यावर बँकेला अपील करता येत नाही. त्यामुळे जर्नल, ताळमेळ असे कागद शाखेने नाकारले असतील तरी इथे पुढे येऊ शकतात. या योजनेची खरी ताकद ही आहे. अडकलेली रक्कम कितीही असली तरी तक्रार चालते. २०२१च्या योजनेत नुकसानीपोटी २० लाखांपर्यंत आणि मनस्ताप व वेळेपोटी वेगळे १ लाखापर्यंत देता येतात. निवाडा तुमच्या बाजूने लागला, तर तो मान्य असल्याचे स्वीकृतीपत्र ३० दिवसांत द्यावे लागते. ते दिले नाही तर निवाडा रद्दबातल होतो. निवाडा हातात आला की पहिले काम हे पत्र.

पुण्यात एक काळजी जास्त घ्यावी लागते. इथे सहकारी बँका पुष्कळ, पतसंस्था त्याहून जास्त, आणि बोलताना आपण दोन्हींना बँकच म्हणतो. नागरी सहकारी बँकांपैकी अनुसूचित (रिझर्व्ह बँक कायद्याच्या परिशिष्टात नाव असलेल्या) बँका आणि ५० कोटी किंवा जास्त ठेवी असलेल्या बिगर-अनुसूचित बँका २०२१च्या योजनेत येतात. पतसंस्था येत नाही. ती सहकार खात्याच्या अखत्यारीत असते. तिची तक्रार उपनिबंधकांकडे, आणि वर सहकार आयुक्तांकडे, ज्यांचे कार्यालय पुण्यातच मध्यवर्ती इमारतीत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमाही नाही. बँकेतल्या ठेवीला तो एका बँकेत एका ठेवीदारामागे मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत आहे. रुपी बँकेच्या ठेवीदारांना फेब्रुवारी २०१३पासून निर्बंध सोसावे लागले आणि सप्टेंबर २०२२मध्ये तिचा परवाना रद्द झाला. ते प्रकरण बँकच कोसळण्याचे होते, नोंद चुकण्याचे नाही. लोकपाल अशा वेळी रक्कम मिळवून देऊ शकत नाही, तिथे ठेवींचा विमा देणाऱ्या महामंडळाचा मार्ग असतो.

ग्राहक आयोग हा शेवटचा आणि सर्वांत संथ मार्ग. बँकेला दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. मुदत दोन वर्षे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे मुंबईत मुख्यालय असलेल्या बँकेविरुद्धही पुणे जिल्हा आयोगात. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातच सुरू केली. तिच्या कार्यकर्त्यांकडून अर्ज तपासून घेणे उपयोगाचे ठरते.

जुन्या पासबुकातले पैसे

वडिलांच्या कपाटात सापडलेल्या पासबुकावरची बँक आज नावाने अस्तित्वात नसते, म्हणून पैसे गेले असे धरू नये. सांगली बँक २००७मध्ये आयसीआयसीआय बँकेत, युनायटेड वेस्टर्न बँक २००६मध्ये आयडीबीआयमध्ये आणि पुण्याची सुवर्ण सहकारी बँक २००९मध्ये इंडियन ओव्हरसीज बँकेत विलीन झाली. देना आणि विजया बँक २०१९मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. दावा आजच्या बँकेकडे करायचा. दहा वर्षे न हलवलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते, पण हक्क संपत नाही आणि अर्जही बँकेकडेच करायचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख घालून शोधता येते. तिथे सगळ्या बँका नाहीत. लहान सहकारी बँकेसाठी तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची दावा न केलेल्या ठेवींची यादी पाहावी. नावाचे स्पेलिंग दोन-तीन प्रकारे करून पाहावे, कारण जुन्या मराठी नोंदी रोमन लिपीत उतरताना आडनावे बदललेली असतात.

रक्कम परत आली की

पासबुक भरून घ्यावे आणि नोंदीची तारीख नीट पाहावी. बँकेच्या चुकीने गेलेली रक्कम मूळ तारखेपासून जमा धरून, म्हणजे ‘व्हॅल्यू डेट’सह यायला हवी. बचत खात्याचे व्याज १ एप्रिल २०१०पासून रोजच्या शिलकेवर मोजले जाते, त्यामुळे मधल्या दिवसांचे व्याज सुटलेले असते. रक्कम नसल्यामुळे किमान शिलकेचा दंड, चेक परत गेल्याचे शुल्क किंवा कर्जाचा हप्ता चुकल्याचे शुल्क लागले असेल, तर त्याची वेगळी यादी करून त्याच तक्रार क्रमांकावर परतावा मागावा. हप्ता चुकल्याची नोंद क्रेडिट अहवालात गेली असेल, तर ती दुरुस्त करायचा अर्ज कर्ज देणाऱ्या संस्थेकडे किंवा क्रेडिट माहिती कंपनीकडे लगेच करावा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर तिथेही दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.